परदेशात उच्च शिक्षणासाठी जाताना: नाशिकचे विद्यार्थी आणि पालक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे २०२५ च्या अखेरीस लागू असलेले आहेत. व्हिसाची फी आणि खात्यात दाखवायची रक्कम सारखी बदलते, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या. चांगले गुण असूनही जाणं लांबतं ते बहुतेक वेळा कागद उलट्या क्रमाने काढल्यामुळे. म्हणून प्रश्नही ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने घेतले आहेत.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तयारी कधीपासून?

आत्तापासून. पदवीनंतर लगेच जायचं तर तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पासपोर्ट हातात हवा आणि जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) किंवा आयईएलटीएसचा (इंग्रजीची परीक्षा) अभ्यास सुरू हवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रं. अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विद्यापीठांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही तारीख सगळ्यांना पाठ असते, पण मास्टर्सच्या अनेक अभ्यासक्रमांची मुदत मार्च ते मे या काळातच संपून जाते. इंग्लंडमध्ये जागा भरेपर्यंत अर्ज घेतात, त्यामुळे तिथे उशीर खपतो असं वाटतं. मात्र कर्ज आणि व्हिसाला लागणारा वेळ तेवढाच राहतो.

पासपोर्ट नंतर काढला तर चालेल का? आधी परीक्षा देऊन बघतो.

नाही चालणार. आयईएलटीएस, टोफेल (हीही इंग्रजीचीच), जीआरई या परीक्षांना भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार कार्डावर आत सोडत नाहीत. नोंदणी करतानाच पासपोर्ट क्रमांक आणि त्यावरचं नाव भरावं लागतं.

छत्तीस पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये, साठ पानी २,०००, तत्काळला वर आणखी २,०००. दहावी उत्तीर्णांना ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का येत नाही, म्हणून दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्याच. नाशिकमध्ये खोली घेऊन राहणारे सटाणा, कळवण, मालेगावकडचे विद्यार्थी पत्त्यात अडकतात. सध्याचा पत्ता म्हणून जो भराल तिथेच पोलीस पडताळणी होते. शहरातली आयुक्तालयाकडून, तालुक्यातली ग्रामीण पोलिसांकडून. गावचा पत्ता दिला आणि हवालदार आला त्या दिवशी तुम्ही कॉलेज रोडला असलात, तर अहवाल प्रतिकूल जातो. (देशभराच्या पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. त्याने नाशिककरांचं काम लवकर होतं असं मात्र नाही.)

गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, पुढे वडिलांचं आणि आईचंही नाव आहे. पासपोर्टवर वेगळं. बिघडतं का?

क्रम वेगळा असल्याने काही बिघडत नाही. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव ही महाराष्ट्राची पद्धत परदेशी विद्यापीठांना माहीत झाली आहे. बिघडतं ते स्पेलिंगने. दहावीला एक, पदवीला दुसरं, पासपोर्टवर तिसरं, असं असेल तर अर्ज करण्याआधीच एकच स्पेलिंग पक्कं करा. नवा पासपोर्ट काढायचा असेल तर तो दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे काढा. दहावी-बारावीच्या कागदात दुरुस्ती असेल तर शाळेमार्फत बोर्डाच्या नाशिक विभागीय मंडळाकडे जावं लागतं. नावच बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते.

दुसरी चूक पासपोर्टच्या अर्जात होते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलं, की अमेरिकेच्या व्हिसावर ते अख्खं नाव आडनाव म्हणून येतं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग तिथलं बँक खातं, वाहन परवाना, पगाराची नोंद, सगळीकडे तेच खुलासे. विद्यापीठाचा, परीक्षेचा, व्हिसाचा अर्ज भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि अक्षर-अक्षर त्यावरून घ्या.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकाच ना? कुठे मिळतात?

गुणपत्रिका तुमच्याजवळ आहेतच. ट्रान्सक्रिप्ट हा सगळ्या सत्रांचे विषय, श्रेयांक आणि श्रेणी एकत्र दाखवणारा, विद्यापीठाने सही-शिक्क्याने दिलेला कागद. नाशिकची बहुतेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत, त्यांचा अर्ज विद्यापीठाच्या ऑनलाइन विद्यार्थी सुविधा केंद्रावर करायचा. नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद, वैद्यकीय यांचं काम म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर गंगापूर धरणाकडे, त्यांच्या मुख्यालयात.

दोन-तीन आठवडे धरून चाला, निकालाच्या हंगामात त्याहून जास्त. अर्जाला सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांच्या स्वच्छ प्रती लागतात. एखादी हरवली असेल तर आधी तिची दुय्यम प्रत, मग ट्रान्सक्रिप्ट. पाच-सहा संच एकदमच मागवा. बंद पाकीट, त्यावर विद्यापीठाचा शिक्का, असं आलं तर ते उघडू नका. उघडलेलं पाकीट बहुतेक ठिकाणी बाद धरतात आणि तुम्हाला पुन्हा फी भरावी लागते. आत काय आहे हे बघायचंच असेल तर एक संच जास्तीचा मागवून तो उघडा.

बीएस्सी, बीकॉम तीन वर्षांचं आहे. मास्टर्सला घेतात का?

इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात सहसा अडचण नाही. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. काही मात्र नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) 'अ' श्रेणी असलेल्या संस्थेतली, पहिल्या वर्गातली तीन वर्षांची पदवी चालवून घेतात. जर्मनीत अभ्यासक्रमागणिक ठरतं, कारण तिथे वर्षांपेक्षा श्रेयांक आणि विषय मोजतात. नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकणाऱ्यांपुढे चौथं ऑनर्सचं वर्ष आहे. अमेरिकेचा विचार पक्का असेल तर ते करून जाणं एमएस्सीच्या एका वर्षापेक्षा सरळ पडतं.

दोन विषयांत एटीकेटी लागली होती. लपवावी का?

ट्रान्सक्रिप्टवर किंवा जोडलेल्या गुणपत्रिकांत ती दिसतेच. लपवलं तर नंतर मिळालेला प्रवेशही जातो. इंग्लंडची विद्यापीठं बॅकलॉगच्या संख्येची मर्यादा लिहून देतात, आधी ती वाचा. कारण खरं असेल, आजारपण किंवा घरातला मृत्यू, तर दोन ओळींत सांगा. परिच्छेदभर रडगाणं नको.

आमचा सीजीपीए ८.२ आहे. जर्मन गुण किती?

सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वाधिक शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण यांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. कमाल १० आणि किमान ४ धरले तर (१० − ८.२) भागिले ६ म्हणजे ०.३, तिनाने गुणून ०.९, एक मिळवून १.९. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावर पास, त्यामुळे १.९ चांगला. बऱ्याच मास्टर्सना २.५ ची अट असते. अमेरिकेच्या अर्जात मात्र ४ पैकी किती हे स्वतः काढून भरू नका. १० पैकी ८.२ असंच लिहा.

एपीएस काय प्रकार आहे?

तुमची भारतातली कागदपत्रं खरी आहेत, असं जर्मन दूतावासाच्या कक्षाने दिलेलं प्रमाणपत्र. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसाला ते बंधनकारक आहे. फी १८,००० रुपये. महिना-दोन महिने धरा. अनेक विद्यापीठं ते प्रवेशअर्जालाच मागतात, म्हणून प्रवेश मिळाल्यावर बघू असं करू नका. आणखी खर्च: युनि-असिस्ट या अनेक जर्मन विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज केल्यास पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे सगळीकडे खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही शुल्क सुरू केलं आहे.

खात्यात किती पैसे दाखवावे लागतात?

जर्मनी: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (पैसे आधी भरून अडकवून ठेवायचं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो. तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरोच काढता येतात.

इंग्लंड: पहिल्या वर्षाची न भरलेली फी, अधिक राहण्याचा खर्च नऊ महिन्यांचा. लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड, म्हणजे १३,७६१. लंडनबाहेर १,१७१, म्हणजे १०,५३९. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या अर्जासोबतच भरायचा.

कॅनडा: फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर. एसडीएस ही जलद वाट नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, जुन्या माहितीवर विसंबू नका.

ऑस्ट्रेलिया: राहण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. व्हिसाची फीच २,००० डॉलर आहे आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही.

अमेरिकेत ठरावीक आकडा नाही. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या फॉर्मवर, लिहिलेला एका वर्षाचा खर्च तोच आकडा.

इंग्लंडचा अठ्ठावीस दिवसांचा नियम सर्वांत जास्त जणांना नडतो. रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, त्यात एक दिवसही शिल्लक खाली गेलेली चालत नाही आणि विवरणपत्राची अखेरची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी. मधेच घरखर्चाला वीस हजार काढले आणि शिल्लक पाचशेने कमी पडली, तरी नकार. म्हणून आवश्यक रकमेवर लाखभर जास्तच ठेवा, विनिमयाचा दर हलतो तेव्हाही तेच उपयोगी पडतात. मंजूर शैक्षणिक कर्जाच्या पत्राला हा २८ दिवसांचा नियम लागत नाही.

आमचा पैसा पतसंस्थेत आहे, थोडा सोन्यात, एक प्लॉट आहे. दाखवता येईल?

इंग्लंडसाठी सोनं, प्लॉट, विमा यातलं काही धरत नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालच्या बँका नव्हेत, त्यामुळे तिथली ठेव मुदतपूर्व मोडून बँकेत आणावी लागेल. ते शेवटच्या आठवड्यात जमत नाही. पतसंस्थेकडे रोकड उपलब्ध नसली तर महिना जातो.

शेतीचा पैसा रोखीत येतो. खात्यात भरला तर संशय घेतात का?

घेतात. व्हिसा अधिकारी आणि कर्ज देणारी बँक, दोघेही. अचानक आठ लाखांची रोख भरणा दिसली की उसनवारीचे पैसे म्हणून बघतात. उपाय कागदांचा आहे: बाजार समितीतल्या व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, द्राक्ष निर्यातदाराची बिलं, त्यावर तारीख आणि खातेदाराचं नाव. मग सातबारावर तेच नाव आणि पीकपाहणीत तेच पीक दिसायला हवं. वडिलांच्या नावची जमीन, हिशेबपट्टी काकांच्या नावावर आणि पैसे आईच्या खात्यात, असं असेल तर तिघांचं नातं आणि व्यवहार समजावणारं पत्र जोडावं लागतं. पुढच्या हंगामापासून व्यापाऱ्याला सरळ आरटीजीएस करायला सांगा. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसला तरी विवरणपत्र भरून त्यात ते दाखवत राहा. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं असतील तर निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

'फंड दाखवून देतो' म्हणणारे एजंट गावोगाव आहेत. महिनाभर पैसे खात्यात ठेवतात, व्याज घेतात, काढून नेतात. खोटं बँक विवरणपत्र पकडलं गेलं तर इंग्लंडमध्ये दहा वर्षं, कॅनडात पाच वर्षं बंदी येऊ शकते. अमेरिकेत खोटेपणाचा ठपका कायमचा राहतो.

शैक्षणिक कर्जाला आमची द्राक्षबाग तारण घेतील का?

बहुतेक बँका नाही म्हणतात आणि त्याला कारण आहे. कर्ज थकलं तर बँक ज्या सरफेसी कायद्याने तारण विकते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून निफाड-दिंडोरीतल्या पाच एकरांपेक्षा इंदिरानगरमधला दोन खोल्यांचा फ्लॅट बँकेला जवळचा.

चालतं ते: बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, बांधलेलं घर, मुदत ठेव. फ्लॅटसाठी नोंदणीकृत खरेदीखत, सूची क्रमांक दोन, भोगवटा दाखला, मंजूर नकाशा, घरपट्टीची चालू पावती. बंगला किंवा प्लॉट असेल तर बिगरशेती आदेश आणि मिळकत पत्रिका. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि तिथेच गाडी अडते. वाटणी तोंडी झालेली, फेरफार नाही, वारसनोंदीत आत्यांची नावं, त्या सही करायला तयार नाहीत. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असतो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून बँका कचरतात. गुंठेवारीतला नियमित न झालेला प्लॉटही परत येतो. सातबाराच्या इतर हक्कांत विकास सोसायटीचा बोजा असेल तर तो फेडल्याची नोंद आधी करून घ्या.

सरकारी बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार लाखांच्या वर जामीनदार लागतो. त्यापुढे तारण. परदेशी शिक्षणाला १५ टक्के रक्कम तुमची. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या वाटपापासून चढतं. जमल्यास दरमहा व्याज भरत राहा. पीएम विद्यालक्ष्मी ही २०२४ ची योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी तिचा उपयोग नाही. तारणाशिवाय देणाऱ्या खाजगी वित्तसंस्था आठवड्यात मंजुरी देतात, व्याज मात्र चढं आकारतात आणि सहकर्जदाराच्या पगाराकडे बघतात.

एक गोष्ट ऑफर लेटर यायच्या आधीच करता येते: तारणाचे कागद एखाद्या वकिलाला दाखवून ठेवा. मार्चमध्ये सापडलेला दोष जूनपर्यंत निस्तरतो.

फी पाठवताना बँकेने टीसीएस (परदेशी पाठवलेल्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर) कापला तर?

आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही. मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेली रक्कम कितीही असली तरी तिच्यावर नाही. स्वतःच्या पैशातून १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या भागावर लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, बँकेत चालू दर विचारा. कापलेला टीसीएस विवरणपत्रात वळता होतो. म्हणून जो पालक कर भरतो त्याच्या खात्यातून पाठवा. रक्कम मार्च आणि एप्रिलमध्ये विभागली तर दोन वर्षांची मर्यादा वापरता येते.

शिष्यवृत्ती कुठल्या?

आधी राज्य सरकारच्या बघा. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अर्ज समाजकल्याण आयुक्तालय, पुणे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची, आणि त्या विभागाचं आयुक्तालय नाशिकलाच आहे. पेठ-सुरगाण्याच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईला खेपा घालायची गरज नाही. मराठा-कुणबी गटासाठी सारथीची, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी त्यांच्या विभागाची. सगळ्यांत उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. ती दरवर्षीच्या जाहिरातीत वाचा. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, जाहिरातीनंतर दिवस थोडे असतात. बिनशर्त प्रवेशपत्र नसल्याने बाद होणारे अर्ज दरवर्षी दिसतात.

बाहेरच्यांपैकी ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी त्यात वेळ घालवू नये. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडसचे अर्ज हिवाळ्यात. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ती कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते.

शिफारसपत्र सर म्हणतात तूच लिहून आण. काय करावं?

तसं नको. चार विद्यार्थ्यांची पत्रं एकाच भाषेत गेली की सरांच्याही नावाला बट्टा लागतो. सरांना एका पानावर मुद्दे द्या: कोणता विषय, कोणता प्रकल्प, त्यात तुमचं काम काय, मिळालेली श्रेणी. विद्यापीठाची लिंक सरांच्या इमेलवर जाते. खाजगी जीमेल दिलात तर काही विद्यापीठं ते धरत नाहीत, तेव्हा महाविद्यालयाचा अधिकृत पत्ता चालू करून घ्यायला आधीच सांगा. लिंक आलेली इमेल स्पॅममध्ये जाते. मुदतीच्या दहा दिवस आधी जाऊन भेटा.

कन्सल्टंट घ्यावा का?

घेतला तर डोळे उघडे ठेवून. कॉलेज रोड, गंगापूर रोडवर पुष्कळ आहेत आणि अनेकांना विद्यापीठांकडून दलाली मिळते, म्हणून 'तुमच्यासाठी योग्य' यादीत त्यांच्याशी करार असलेलीच नावं येतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठं दलाली देत नाहीत, त्यामुळे ती यादीत का नाहीत हे आता कळलं असेल. मूळ कागदपत्रं कोणाच्याही कार्यालयात ठेवू नका. अर्जाचा इमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा. हेतुपत्र (एसओपी, हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारं पत्र) त्यांच्या साच्यातलं घेऊ नका.

अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला एका दिवसात जाऊन येणं होतं का?

दोन वेगळ्या भेटी असतात: आधी बोटांचे ठसे आणि फोटो, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. बऱ्याचदा लागोपाठच्या दिवशी मिळतात, तेव्हा मुक्काम करा. पंचवटी एक्स्प्रेस मुंबईत पोहोचते तोवर दहा वाजून जातात, सकाळच्या वेळेला ती उपयोगाची नाही. पावसाळ्यात कसारा घाट कधी अडेल सांगता येत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या मुलाखती नेमक्या त्याच महिन्यांत असतात. मोबाइल आत नेता येत नाही.

व्हिसाची फी १८५ डॉलर, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ३५० डॉलर वेगळी. दोन्ही पावत्या, डीएस-१६० चं (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) पुष्टीपत्र आणि आय-२० सोबत ठेवा. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांनी आपली समाजमाध्यमांची खाती सार्वजनिक ठेवायची असतात आणि वापरलेली नावं अर्जात भरायची असतात. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. हेच विद्यापीठ का आणि पैसे कोण भरणार, ही उत्तरं पाठांतरासारखी निघाली की अधिकारी पुढचा प्रश्न आडवा टाकतो.

बारावीनंतर परदेशात एमबीबीएस?

'नीट' ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण हवी. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिने, तोही इंग्रजीतून, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. परत आल्यावर परवाना परीक्षा आणि इथली इंटर्नशिप. यातली एक अट तुटली तरी भारतात नोंदणी होत नाही.

लशींचे कागद लागतात का?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन मात्रांची नोंद मागतात, काही ठिकाणी मेनिंजायटिस आणि क्षयाची रक्ततपासणी. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर दोन मात्रा किमान २८ दिवसांच्या अंतराने पुन्हा घ्या. म्हणजे निघायच्या आधी सहा आठवडे तरी. डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत तारखा लिहून घ्या. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त जायचं तर क्षयाची तपासणी त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते, घराजवळच्या क्ष-किरण केंद्राचा अहवाल चालत नाही.

बॅगेत खाण्याचं काय नेता येतं?

गोडा मसाला, मेतकूट, पापड, चिवडा पॅकबंद आणि नाव लिहिलेले असावेत. युरोप आणि इंग्लंडमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत: साजूक तूप, पेढे, खवा काढून घेतात. ताजा कढीपत्ता, आंबे, बिया कुठेच नको. ऑस्ट्रेलियात प्रवेशपत्रकावर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहा. लिहिलेलं फार तर टाकून देतात, लपवलेल्याला दंड होतो. औषधं इंग्रजी चिठ्ठीसह. मूळ गुणपत्रिका, पदवी, प्रवेशपत्र, आय-२० हे सगळं हातातल्या पिशवीत. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर देशात प्रवेश देणारा अधिकारी हेच मागतो आणि तेव्हा मोठी बॅग तुमच्या हातात आलेली नसते.